गुलमर्गला एक दिवस पुरत नाही

वरुड-मोर्शी-चांदूरबाजार पट्ट्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली, कापूस घरात आला, तुरीची सोंगणी झाली की एसटी स्टँडसमोर सहलींचे फलक लागायला सुरुवात होते. 'काश्मीर, सहा रात्री सात दिवस, गुलमर्ग स्कीइंगसह.' या 'सह'मध्ये नेमकं काय पदरात पडतं ते आधी सांगून टाकू.

श्रीनगरहून सकाळी गाडी निघते. गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. त्याच्या १३ किलोमीटर अलीकडे टंगमर्गला गाडी थांबते, तिथं रबरी गमबूट आणि घोट्यापर्यंतचा कोट भाड्यानं अंगावर चढतो. बर्फ जास्त असेल तर गाडीही बदलावी लागते, चाकांना साखळ्या बांधलेली. वर पोचेपर्यंत अकरा वाजतात. मग गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, रांग, मग फोटो. उरलेल्या तासाभरात कुणीतरी पायात स्की अडकवतो, दोन्ही हात धरून वीस-तीस पावलं ओढत नेतो, आणि चार वाजता 'चला, चला' सुरू होतं. याला स्कीइंग म्हणायचं तर बैलाच्या पाठीवर हात फिरवला की वखरणी झाली असंही म्हणता येईल.

तेव्हा हे परीक्षण त्या सहलीचं नाही. गुलमर्ग हे स्की शिकण्याचं आणि खेळण्याचं ठिकाण म्हणून कसं आहे, याचं आहे. थोडक्यात मत असं: डोंगर अव्वल, रोपवे चांगला पण गर्दीचा, शिकवणारी माणसं तयारीची, भाड्याचं सामान दुकानागणिक वेगळं, आणि शिकाऊ माणसासाठी आखणी अपुरी. पाच दिवस सलग देता येत असतील तर खर्च वसूल होतो. एक दिवस असेल तर नुसता बर्फ पाहा, स्कीवर पैसे घालू नका.

आखणी अपुरी का, हे गुलमर्ग कसं घडलं ते पाहिलं की उमगतं. जुनं नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक यानं ते बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचं कुरण, असं केलं. जहांगीर बादशहानं इथून रानफुलांचे २१ प्रकार गोळा केले असं सांगतात. इंग्रज इथं आले ते उन्हाळ्यापासून पळून. आपल्या चिखलदऱ्याचंही तेच: १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं ती जागा हेरली आणि वऱ्हाडातल्या साहेबलोकांची उन्हाळ्याची सोय झाली. फरक उंचीचा. चिखलदरा १,११८ मीटरवर, गुलमर्गचं कुरण सुमारे २,६५० मीटरवर. गुलमर्गला गोल्फचं मैदान झालं, १९०२ मध्ये सेंट मेरी चर्च झालं, बंगले उभे राहिले. सगळा थाट उन्हाळ्याचा.

बर्फावर घसरायला सुरुवात झाली १९२७ मध्ये. ब्रिटिशांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळ आणि ईस्टर, अशा वर्षातून दोनदा स्पर्धा व्हायच्या. वर न्यायला यंत्र नव्हतं. तासन्‌तास पायी चढायचं आणि काही मिनिटांत खाली यायचं. नंतर लष्कर आलं. डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांनी इथं डिव्हिजनची स्की शाळा सुरू केली, तिचंच १९६२ मध्ये हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंचावरच्या लढाईची शाळा, झालं. १९६० च्या दशकात ऑस्ट्रियाचे नामांकित स्कीपटू रुडॉल्फ मॅट यांनी पाहणी करून हिवाळी खेळांसाठी भारतात हीच जागा योग्य असा कौल दिला. त्याच सुमारास केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही इथं आली.

आणि मग रोपवे. फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्रानं १९८८ मध्ये काम सुरू झालं. लगेच खोऱ्यातली परिस्थिती बिघडली, काम रखडलं, आणि पहिला टप्पा सुरू व्हायला १९९८ उजाडलं. दुसरा टप्पा मे २००५ मध्ये सुरू झाला. कोंगडोरी या मधल्या स्थानकापासून मेरीज शोल्डरपर्यंतची खुर्चीची लिफ्ट २०११ ची. मार्च २०२० मध्ये पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा इथं भरल्या.

म्हणजे उन्हाळी पाहुण्यांचं गाव, त्यावर लष्कराची शाळा, त्यावर पर्यटकांचा रोपवे, असे तीन थर एकावर एक चढले. आल्प्समधली मुद्दाम वसवलेली स्कीची गावं पाहिली तर खाली मुलांची सपाट उतरण, तिच्यावर छोट्या लिफ्टा, मग मधले उतार, मग शिखर, अशी पायरी-पायरीनं रचना दिसते. गुलमर्गला कुरणावर बालवाडी आहे आणि वरच्या अफरवट डोंगरावर थेट कॉलेज. मधल्या वर्गांना खोल्या कमी. चेअरलिफ्टनं आणि जंगलातून कापलेल्या वाटांनी ही उणीव थोडी भरली, पूर्ण नाही. पहिले दोन-तीन दिवस झकास जातात, मग शिकणारा तिथंच घोटाळतो, त्याचं मूळ यात आहे. शिकवणाऱ्याचा त्यात दोष नाही.

आता रोपवेबद्दल नीट. लोक 'गोंडोला' म्हणतात. एका पाळण्यात ६ माणसं. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर, नऊ-दहा मिनिटांत. दुसरा तिथून अफरवटच्या खांद्याला, सुमारे ३,९५० मीटरवर, बारा मिनिटांच्या आसपास. दोर अखंड फिरत असतो. स्थानकात आला की पाळणा दोराची पकड सोडतो, हळू होतो, माणसं चढली की पुन्हा दोर धरतो. त्यामुळे चढता-उतरताना धावपळ करायचं कारण नाही, पण रेंगाळताही येत नाही. पहिल्या टप्प्यावर ३६ पाळणे, आणि तासाला साधारण ६०० माणसं ही त्याची क्षमता. सात तास न थांबता चालला तरी ४,२०० च्या वर आकडा जात नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत श्रीनगरहून येणाऱ्या गाड्यांचा ताफा पाहिला की रांग का लागते ते कुणी समजावून सांगायला नको. यात कुणाची लबाडी नाही, हा सरळ गुणाकार आहे.

तिकीट ऑनलाइन, आधीच काढायचं. दोन्ही टप्प्यांचं वेगवेगळं. पहिल्याचं हाती असल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. 'वर पोचल्यावर काढून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. स्कीवाल्यांनी फेरीगणिक तिकीट न घेता दिवसाच्या किंवा जास्त दिवसांच्या पासची चौकशी करावी. दिवसात चार-पाच फेऱ्या झाल्या तर हिशेबच बदलतो. गुलमर्गातच मुक्काम असेल तर सकाळच्या पहिल्या पाळण्यात बसता येतं. श्रीनगरची गर्दी वर येईपर्यंत तुमच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात. मुक्काम खाली ठेवून स्की शिकायला जाणं म्हणजे परतवाड्यात राहून रोज चिखलदऱ्याचा सूर्योदय पाहायला जाणं.

वारा वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात. जोराच्या बर्फवृष्टीनंतरही हिमकडे सुरक्षित होईपर्यंत तो उघडत नाहीत. पैसे भरलेत म्हणून तिथं वाद घालणारे दिसतात. त्यांना २५ जून २०१७ आठवत नाही. त्या दिवशी जोराच्या वाऱ्यात उन्मळलेलं झाड दोरावर पडलं, पाळण्यातली माणसं खाली कोसळली आणि सात जण गेले. बंद म्हणजे बंद. पाच दिवसांच्या मुक्कामात एक-दोन दिवस वरचा टप्पा मिळणार नाही असं धरूनच चला.

बर्फाचं गणित आपल्या शेतकऱ्याला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात जे पश्चिमी झंझावात येतात, ते पीर पंजालच्या रांगेवर आदळले की गुलमर्गला बर्फ पडतो. त्यांचाच पट्टा दक्षिणेकडे वाकला आणि त्याला बंगालच्या उपसागराकडचं बाष्प मिळालं, तर जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट होते, हरभऱ्याचे घाटे झडतात, गहू लोळतो. झंझावात आले नाहीत तर तिकडे डोंगर बोडका. जानेवारी २०२४ मध्ये हेच झालं, ऐन हंगामात गुलमर्गचं कुरण पिवळं पडलं होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. आणखी एक गोष्ट: गुलमर्गचा हंगाम पडणाऱ्या बर्फावरच चालतो, यंत्रानं बर्फ करून उतार झाकायची आल्प्ससारखी व्यवस्था इथं नाही. म्हणून तारखा ठरवताना कॅलेंडरइतकंच हवामान खात्याचं पत्रकही पाहा.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. आपल्या नक्षत्रांसारखंच आहे हे. मृग, आर्द्रा म्हटलं की शेतकऱ्याला जसं काम सुचतं, तसं त्यांना कांगडीतले, म्हणजे अंगाशी धरायच्या शेगडीतले, कोळसे सुचतात. शिकणाऱ्यांसाठी जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत भरवशाचा. मार्चमध्ये ऊन वाढतं, सकाळी बर्फ कडक काचेसारखा आणि दुपारी पातळ पिठल्यासारखा होतो. दोन्ही नवशिक्याला वाईट.

सामानाची पारख हा या सेवेतला सर्वांत कच्चा दुवा. गुलमर्गला भाड्याची दुकानं पुष्कळ. काहींकडे चालू बनावटीचं सामान आहे, काहींकडे वीस वर्षं घासलेलं. भाव ठरवण्याआधी सामान बघा.

बुटापासून सुरुवात करा, कारण दहातले आठ जण बुटामुळे कंटाळतात. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच मोजून जा: टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा, पट्टी लावा. २६.५ आलं तर २६.५ मागा, 'आठ नंबर' म्हणू नका. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं जराशी मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, दुकानदार कितीही 'आरामशीर' म्हणाला तरी. मोठ्या बुटात पाय फिरतो, स्की फिरत नाही. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. थंडी वाजते म्हणून दोन मोजे चढवले की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो. मोज्याची घडी किंवा आतल्या पायजम्याची कड बुटात गेली तर तासाभरात नडगीवर वळ उठतो. चाप खालून वर लावत या: पावलावरचे हलके, घोट्यावरचा घट्ट.

नवशिक्यासाठी स्की हनुवटीच्या आसपास. त्याहून लांब घेऊ नका, उंच माणसानंही नाही. कड तपासायला नखाची पाठ तिच्यावरून हलकेच फिरवा. नखाची पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. नुसती घसरली तर ती स्की कडक बर्फावर पकड घेणार नाही. वखराची पास बोथट झाली की ती माती न कापता वरून सरकते, तसंच. खालची बाजू पालथी करून पाहा, खोल चर किंवा उघडं पडलेलं लाकूड दिसलं तर परत द्या.

बूट आणि स्की यांना जोडणारं बाइंडिंग हा जिवाचा भाग. पडताना ठराविक जोर आला की त्यानं बूट सोडलाच पाहिजे, नाहीतर गुडघा पिळतो. तो जोर किती, याचा आकडा बाइंडिंगवर कोरलेला असतो आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती शिकलात यावर ठरतो. दुकानदारानं हे न विचारता स्की हातात दिली तर दुसरं दुकान बघा. वजन लपवू नका, इथं लाजून चालत नाही. बुटाखाली बर्फ दाबून बसलेला असेल तर टाच 'खट' करून बसत नाही, अर्धवट अडकते आणि दहा पावलांवर सुटते. प्रत्येक वेळी काठीनं तळ खरवडा, आधी पुढचं बोट घाला, मग टाच दाबा. काठीचं माप सोपं: काठी उलटी धरून चकतीखाली मूठ आली की कोपर काटकोनात असावं. हेल्मेट घ्याच.

कपड्यांबद्दल एक गोष्ट कापूस पिकवणाऱ्या मुलखात सांगणं जिवावर येतं: सुती कपडे घरी ठेवा. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, थांबलात की तोच घाम गारठतो. आत कृत्रिम धाग्याची किंवा लोकरीची बनियन, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. जीन्स सर्वांत वाईट, एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. टंगमर्गचा भाड्याचा लांब कोट उभं राहायला ठीक, पण पडल्यावर तो पायात येतो. हातमोजे पाणी न शिरणारे, शक्यतो बोटं एकत्र राहणारे. बर्फ उन्हातले अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावायचं, आणि गॉगलशिवाय ढगाळ दिवशीही बाहेर पडायचं नाही. वावरात दिवसभर राबणाऱ्याला वाटतं आपल्याला ऊन काय करणार. इथलं ऊन खालून येतं.

शिकण्याची सोय दोन तऱ्हांची आहे. एक, सरकारी संस्थांचे निवासी अभ्यासक्रम: शिस्त कडक, सामान त्यांचंच, दिवस ठरलेले, जागा आधी भरतात. दोन, परवानाधारक स्थानिक शिक्षक, दिवसाच्या हिशेबानं. या मुलांचं आयुष्य बर्फावर गेलेलं आहे आणि हिंदी सगळ्यांना येतं, त्यामुळे भाषेची अडचण नाही. ओळखपत्र पाहा, आणि एका शिक्षकामागे किती शिकणारे ते आधी ठरवून घ्या. चारपेक्षा जास्त असतील तर निम्मा वेळ उभं राहण्यात जातो.

पहिल्या दिवशी काय झालं पाहिजे? एका पायात स्की घालून सपाटीवर चालणं, मग दोन्ही घालून. उताराला आडवं उभं राहून वरच्या कडांवर एकेक पाऊल चढणं. पडणं, तेही शिकायचं: बाजूला, कुल्ल्यावर, हात मागे न टेकता. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि आपल्या खालच्या बाजूला घ्यायच्या, नाहीतर उठता-उठता स्की पळतात. ज्या शिक्षकानं पहिल्याच तासात उतारावर सोडलं, त्यानं तुमचा एक दिवस खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पाचर. स्कीची टोकं जवळ, शेपट्या दूर, दोन्ही आतल्या कडा बर्फात. यालाच ब्रेक म्हणा. इथं सगळे एकच चूक करतात: भीतीनं मागे झुकतात. मागे झुकलं की वजन शेपटीवर जातं, टोकं हलकी होतात आणि स्की आणखी पळते. वजन पुढेच घ्यायचं. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. संध्याकाळी नडगी दुखली तर समजा बरोबर केलं. मांड्या पेटल्या असतील तर दिवसभर मागे झुकून होता.

तिसऱ्या दिवशी वळणं. डावीकडे जायचं तर उजव्या पायावर भार, उजवीकडे जायचं तर डाव्या. अंग फिरवायचं नाही. कुरणावरच्या ओढणाऱ्या लिफ्टलाही याच दिवशी हात घालायचा. दांड्याच्या टोकाला चकती असते, ती मांड्यांमध्ये घ्यायची आणि उभं राहायचं. लोक तिच्यावर बसायला जातात, ती बसायची नाही, बसलं की दोर सैल पडून माणूस सपशेल आडवा. पडलात तर चकती सोडा आणि आधी बाजूला सरका, मागचा येतच असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कुरणाच्या उतारावर हव्या त्या ठिकाणी थांबता येत असेल, तर शिक्षकाला घेऊन कोंगडोरीहून खालची वाट. थांबता येत नसेल तर नाही, मग कुणी कितीही चढवलं तरी.

वरचा अफरवट हा वेगळाच विषय आहे. परदेशातून जाणकार स्कीवाले येतात ते त्याच्यासाठी: रोपवेतून उतरलं की समोर न दाबलेला, न आखलेला, पिठासारखा बर्फ. तिथं हिमकडे कोसळण्याचा धोका खरा आहे. गस्तीपथक मुख्य उतारच सांभाळतं, त्याच्या बाजूचे नाळ, म्हणजे अरुंद घळी, नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला प्रशिक्षणातले १७ जवान हिमकड्याखाली गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोन स्कीवाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही मंडळी अनुभवी होती. बर्फाखालचा माणूस शोधायचं यंत्र, लांब सळई, फावडं आणि वाटाड्या, या चारही गोष्टी नसतील तर वर पाळण्यानं जा, डोंगर डोळे भरून पाहा, पाळण्यानंच खाली या. त्यात कमीपणा नाही.

उंचीचं म्हणाल तर ३,९५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के. नागपूर ३१० मीटरवर. एकाच दिवसात तेवढं चढल्यावर डोकं जड होणं, मळमळणं स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी वर जाऊ नका, पाणी पीत राहा, आणि त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं. हृदयविकार किंवा दम्याच्या माणसानं डॉक्टरला विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बॅगेत ठेवू नये, गोठलं की निकामी होतं. आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. मोबाईलचंही तसंच, थंडीत बॅटरी बघता-बघता बसते.

राहण्याच्या बाबतीत खोलीत ऊब कशानं येते ते बुकिंगआधी विचारा. बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, असेल तर रात्री लाकूड कोण घालणार आणि त्याचे पैसे वेगळे का, तेही. विजेचं ब्लँकेट असेल तर वीज गेल्यावर काय, ते. बंद खोलीत कांगडी किंवा कोळसा ठेवून झोपायचं नाही. गरम पाणी ठराविक वेळेलाच मिळणार हे गृहीत धरा.

जेवण: शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, राजमा-भात, डाळ, पनीर सगळीकडे. हाक नावाची पालेभाजी आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी, मुद्दाम मागून खा. पण तिखटाची सवय असलेल्या वऱ्हाडी जिभेला तिसऱ्या दिवशी ते सगळं गुळचट वाटायला लागतं. ठेचा वाळवून न्या, शेंगदाण्याची चटणी न्या. या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यातली डाळ शिजता शिजत नाही. खोलीत स्वतः काही शिजवायचा विचार असेल तर कुकर लागेल. नून चाय गुलाबी आणि खारट असते, ती चहा समजून नव्हे, कढणासारखी प्यायची. स्कीनंतर ती बरीच बरी लागते.

जायचं कसं? नागपूरवरून अंदमान एक्स्प्रेस आणि हिमसागर थेट कटऱ्यापर्यंत जातात, पण रोज नाहीत. कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली आहे, साधारण तीन तासांत, चिनाबच्या पुलावरून. विमानानं जायचं तर नागपूर-दिल्ली-श्रीनगर. हिवाळ्यात श्रीनगरचं विमान धुक्यानं किंवा बर्फानं रद्द होतं, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस रिकामा ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गटात निदान दोघांकडे तरी असू द्या.

आंबियावाल्यांना फेब्रुवारी मोकळा सापडतो, त्यांनी पहिला पंधरवडा धरावा. मृग बहार धरलेल्यांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन यावं. फेब्रुवारी लागला की व्यापारी बगिच्यात येऊन भाव सांगतो, आणि तेव्हा तुमचा प्रीपेड फोन टंगमर्गच्या भाड्याच्या कोटात मुका पडलेला असेल.